आवाज कुठे कमी करायचा

माझी बायको काम्शात वसंतात गेली. तिचा चाळिसावा दिवस झाला होता, पण वर्ष व्हायचं होतं. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घराला विचारल्याशिवाय शेजारी लग्नाचं संगीत लावत नाहीत. म्हणून सफरचंदं उतरवायच्या दिवसांत बोकेन आणि त्याची बायको शारबान माझ्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ते कशासाठी आलेत हे मला बघताक्षणीच कळलं. त्यांच्या धाकट्याचं, एर्सायिनचं लग्न ठरल्याचं सगळ्या आळीला माहीत होतं.

बोकेन माझ्याच वयाचा. बरोबरीच्यांना आमच्यात कुर्दास म्हणतात, आणि कुर्दासाने कुर्दासाची कितीही टर उडवली तरी राग धरायचा नसतो. जन्मभरात बोकेन माझ्याशी सरळ चार वाक्यं बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र टोपी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा होता.

"टोपी घाल," मी म्हटलं. "तुझं टक्कल बघवत नाही."

"आधी ऐकून घे, झोलदास."

"ऐकलं. लाव संगीत."

"अरे, मी अजून विचारलंच नाही."

"तू विचारायला लागलास तर संध्याकाळ होईल. पोराचं लग्न आहे, मुकं लग्न करतोस की काय?"

शारबान रडायला लागली. ती आणि काम्शात एकाच तंदूरमध्ये रोट्या लावायच्या. "झोके," ती म्हणाली. मोठ्या माणसाचं नाव मानाने आखडून घेतात, तशी ती मला झोके म्हणते. "झोके, तुमच्या मनात जरासंही असेल तर सांगा. आम्ही नुसत्या दोंबऱ्याच्या दोन तारांवर भागवू. माइक नको, स्पीकर नको. लग्न लग्नच असतं."

"दोंबरा शेवटच्या टेबलापर्यंत पोचत नाही," मी म्हटलं. "आणि तुझ्या नवऱ्याचे नातेवाईक मानापमानाला सगळे पक्के. घुंगटाच्या गाण्यात एकाचं नाव ऐकू आलं नाही तर तो जन्मभर ते ऐकवेल."

हे मी थट्टेत म्हटलं, पण दोघेही हसले नाहीत. बोकेनने टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली.

"कुसाइन येतोय," तो म्हणाला.

कुसाइन बोकेनचा थोरला भाऊ. कैक वर्षांपूर्वी बोकेनच्याच घरातल्या मेजवानीत त्याच्या ताटात छातीचं मांस गेलं होतं. छातीचा तुकडा जावयाला देतात. घरातल्या थोरल्याला तो देणं म्हणजे तू ह्या घरचा कर्ता नाहीस, पाहुणा आहेस असं सांगणं. ताट वाढणाऱ्या पोराची चूक होती. पण कुसाइन उठला, कोट घातला आणि गेला, तो परत ह्या आळीत आला नाही. आईच्या वर्षालासुद्धा त्याने वेगळं मांस शिजवलं.

"येतोय म्हणजे स्वतः म्हणाला?"

"एर्सायिन गेला होता बोलवायला. म्हणाला, सुनेचं तोंड बघायला येईन." बोकेनने घसा साफ केला. "आणि झोलदास, आणखी एक. संगीतवाल्या झान्दोसच्या लॅपटॉपचं आवाजाचं भोक बिघडलंय. काम्शातची ती डबी..."

त्याने माझ्या खिडकीकडे बघितलं.

डबी खिडकीत होती, काम्शात ठेवून गेली तशी. चहाच्या पुड्याएवढी, पत्र्याची, काळी. बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. एक वायर कॉम्प्युटरला, दोन अँप्लिफायरला, आणि पुढे माइक लावायला जागा. काम्शातने आमच्या संस्कृती भवनात आयुष्यभर आवाजाचं काम केलं. नाटक असो, सभा असो, पाहुण्या गायकाचा कार्यक्रम असो, मागच्या काचेच्या खोलीत ती बसायची. निवृत्त झाल्यावर तिथल्या जुन्या फिती घरी आणून कॉम्प्युटरमध्ये भरायची, त्यासाठी तिने ही डबी घेतली होती. ती गेल्यावर मी तिला हात लावला नव्हता. धूळ पुसायलासुद्धा नाही.

देताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पण काम्शातने त्यांचं मागून व्हायच्या आत दिली असती. डबीच्या वायरीला तिने दोऱ्याने एक छोटी पेन ड्राइव्ह बांधून ठेवली होती. "ह्यात हिचा ड्रायव्हर आहे," मी म्हटलं. "झान्दोसला सांगा, आधी तो भर. त्याशिवाय ही बोलत नाही."

शारबानने डबी ओढणीत गुंडाळली आणि मूल न्यावं तशी छातीशी धरून नेली.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी अंगणात चहाच्या सामोवारपाशी बसलो होतो. दोन घरांच्या मध्ये मातीची भिंत आहे, छातीएवढी. पलीकडे आळीभर गाड्या लागल्या होत्या, कढईत बाउर्साक, कणकेचे गोळे, तळत होते, पोरं ओरडत होती. वर्षाच्या आत दुःखातला माणूस लग्नाच्या अंगणात जात नाही, असा काही नियम नाही, पण जात नाही. मी शारबानला सांगितलं होतं, माझी वाट बघू नका.

वऱ्हाड आलं तेव्हा संगीत सुरू झालं. अगदी बारीक. इतकं बारीक की पलीकडे लग्न आहे की कुणी रेडिओ लावून झोपलंय, ते कळू नये. मला समजलं, माझ्यासाठी आवाज कमी ठेवलाय. असे शेजारी मिळायला नशीब लागतं.

मग ते बदललं. आवाज मोठा झाला, पण गाणं मोठं झालं नाही. कढईत पाणी पडल्यासारखा चरचराट मोठा झाला. त्याच्या आत कुठेतरी गाणारा होता, त्याचे शब्द झिजलेल्या नाण्यासारखे, वर काय छापलंय ते दिसत नव्हतं. दोंबऱ्याची तार वाजायची आणि तिचा शेवट तुटून पडायचा.

असा आवाज मी एकदाच ऐकला होता, माझ्याच घरात.

काम्शात त्या वेळी एका म्हाताऱ्या गायिकेची फीत भरत होती आणि मला झोप येत होती. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी पडद्यावरच्या गाण्याच्या चौकटीतली पट्टी खाली ओढली. ती परत आली आणि दारातच थांबली.

"कुठे हात लावलात, ओतागासी?" नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही. ओतागासी म्हणजे चुलीचा धनी.

"मोठा होता आवाज. कमी केला."

"कमी करायला हरकत नाही. कुठे केलात?"

"त्या पडद्यावर."

"बरं. आता अँप्लिफायर वाढवून मला तो होता तेवढा करून दाखवा."

मी बटण फिरवत गेलो. म्हातारीचा आवाज आला, पण वाळूत लोळवल्यासारखा.

"हे काय झालं?"

"गाळ," ती म्हणाली. "तुम्ही पाटकरी ना? मग तुम्हीच सांगा. धरणावरचं दार बोटभर उघडं ठेवलं, आणि खाली शेतात पंप लावून ओढलं, तर काय येतं?"

मी जन्मभर कालव्यावर पाणी सोडायचं काम केलं. काय येतं ते मला माहीत होतं. "गाळ येतो."

"तेच. कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे नुसते आकडे. प्रोग्रामची पट्टी खाली ओढली की तो आकडेच बारीक करतो, आणि बारीक करताना उरलेसुरले तुकडे फेकून देतो. मग पुढे कितीही गुणा, फेकलेलं परत येत नाही. नुसती तारांची खरखर गुणली जाते."

"मग कमी करायचं तरी कुठे?"

तिने कोपऱ्यातल्या एका बारीक चित्रावर टिचकी मारली. वेगळीच खिडकी उघडली, त्यात वेगळी पट्टी. "इथे. ही डबीच्या ड्रायव्हरची. डबीची भाषा त्यालाच येते. तो डबीला सांगतो, आणि डबी आपल्या दाराशी, आकड्यांचा आवाज झाल्यावर, कमी करते. वरून पाणी पूर्ण, शेवटच्या दाराशी हवं तेवढं."

"सगळ्या डब्यांचं असंच?"

"छे. काही ड्रायव्हर लबाड असतात. पट्टी दाखवतात आपली, आणि गुपचूप आकडेच कापतात. हा प्रामाणिक आहे. मी तपासून घेतलाय." आणि मग, "नवरा घेतला तेव्हा एवढं तपासलं नव्हतं."

असली ती होती. मी तेव्हा हसलो आणि झोपलो. मला वाटलं होतं, ह्यातलं काही माझ्या डोक्यात राहणार नाही.

तर पलीकडे तो गाळ येत होता. काम्शात असती तर रोटी तंदूरमध्ये टाकून उठली असती. मी बसून राहिलो. माझ्यासाठी कमी केलेल्या आवाजाची तक्रार घेऊन मीच कसा जाणार? चहा ओतला. तो प्यायचा राहिला.

तेवढ्यात माझ्या फाटकासमोर लावलेल्या गाडीचं दार कुणीतरी ओढलं. मखमली चापान, म्हणजे लांब झगा घातलेला, दाढी पांढरी झालेला उंच माणूस. चापानचं टोक दारात अडकलं होतं आणि तो ते ओढत होता. मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा ओळखलं. कुसाइन.

"कुसेके! एवढ्यात निघालात?"

"निघालो," तो म्हणाला. वर बघितलं नाही. "यायलाच नको होतं. मागे छातीचा तुकडा दिला, तो गिळला. आज नावच गिळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? घुंगट उघडायचं गाणं चालू आहे. थोरल्यापासून नावं घ्यायची, सुनेनं एकेकाला वाकायचं. मी पुढे उभा. ओठावर आशीर्वाद घेऊन उभा, मनात द्यायचं देणं ठरवून उभा. तो गायक काहीतरी चरचरला, सून कुणाला तरी वाकली, आणि शेजारचा तो ठेंगणा मामा पुढे होऊन हसला. माझ्याआधी मामा! बोकेनने मुद्दाम केलं."

"तुमचंच नाव घेतलं असेल, कुसेके. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"मी बहिरा आहे?"

"तुम्ही नाही. पण ऐकू मलाही आलं नाही, आणि मी भिंतीपाशी बसलोय."

त्याने चापान सोडलं. माझ्याकडे नीट बघितलं.

"मला नुसतं तळण ऐकू आलं," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

हा माणूस आत्ता गाडीत बसला, तर परत येणार नव्हता. त्या वयात माणसं दोनदा परत येत नाहीत. आणि त्या पोरीच्या सासरच्या पहिल्या दिवशी चुलत सासरा उठून गेला, हे तिच्या नावाला कायमचं चिकटलं असतं. सून आली आणि घर फुटलं, असं म्हणायला लोकांना काय लागतं? कारण विचाराल तर, शेजारी काम्शात गेली म्हणून आवाज कमी ठेवला होता. काम्शातने जन्मभर लोकांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून काम केलं, आणि तिच्या नावावर हे लागणार होतं.

"कुसेके, गाडीची किल्ली मला द्या."

"का देऊ?"

"गाडी माझ्या फाटकापुढे आहे. ती कधी काढायची ते मी ठरवणार." दुसरं काही सुचलं नाही. "थोडं थांबा. दोष बोकेनचा नाही, माझ्या घरचा आहे. मी निस्तरून येतो. तरीही नाव ऐकू आलं नाही, तर मी स्वतः तुम्हाला घरी पोचवीन."

किल्ली त्याने दिली नाही, पण दार लावलं आणि गाडीला पाठ टेकून उभा राहिला. मी भिंतीला वळसा घालून बोकेनच्या अंगणात शिरलो.

मला बघून बायका बाजूला सरल्या. कुणीतरी बसायला जागा करत होतं. मधे नवरी उभी, डोक्यावरून लाल घुंगट, दोन्ही बाजूंनी दोन वहिन्यांनी हात धरलेले. गायक सेइलखान दोंबऱ्याला बांधलेली रिबीन हलवत जीव तोडून गात होता, आणि स्पीकरच्या खोक्यातून येत होती ती नुसती खरखर.

"थांबव," मी म्हटलं. "सेइलखान, जरा थांब."

शारबानचा चेहरा पांढरा पडला. बोकेन धावत आला. "झोलदास, माफ कर, जास्त झालं का? अरे, आम्ही सांगितलं होतं त्याला..."

"जास्त नाही झालं, गाढवा. काहीच ऐकू येत नाही. तुझा भाऊ गाडीपाशी उभा आहे. त्याला वाटतंय त्याचं नाव तुम्ही गाळलं."

बोकेनचं तोंड उघडं राहिलं. "पहिलं त्याचंच घेतलं!"

"ते तुला माहीत. त्याला नाही."

झान्दोस टेबलामागून उठून उभा राहिला. तिशीचा, जाडा, दोन पोरांचा बाप, आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यानेच वाजवलेली. "आगा," त्याने मला वडीलकीच्या मानाने हाक मारली, "मी अँप्लिफायर शेवटपर्यंत नेलाय. ह्याच्यावर जात नाही. डबीच बिघडली असेल."

"डबी बिघडलेली नाही. गाण्याच्या चौकटीतली पट्टी किती आहे?"

त्याने मान खाली घातली. "अगदी खाली. माइकसुद्धा त्याच प्रोग्राममधून जातो. शारबान अपा म्हणाल्या, शेजारी दुःख आहे, तळाशी ठेव. म्हणून ठेवली."

"आणि कॉम्प्युटरची स्वतःची?"

"ती तर पूर्ण आहे. मी सकाळीच..." त्याने उघडून बघितलं. तीही तळाशी होती. "ही कुणी ओढली?"

मग बोकेन खोकला.

"तू जेवायला गेला होतास," तो म्हणाला. "मला वाटलं, हिने सांगितलं असेल, पण तू ऐकशील याची काय खात्री. म्हणून मी आपली थोडी..."

"थोडी?"

"पूर्ण."

"आणि ते काय आहे?" मी बोट दाखवलं. एका खोक्यावर रजई घातली होती. चांगली, जाड, लग्नातली नक्षीची रजई.

बोकेनची म्हातारी आत्या खुर्चीतून म्हणाली, "ती मी घातली. काम्शातच्या घराकडे तोंड होतं त्या खोक्याचं."

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. शारबानने तोंडाला ओढणी लावली, ती रडत होती की हसत होती सांगता येत नव्हतं. तिघांनी एकमेकांना न सांगता, प्रत्येकाने आपल्या हाताने, माझ्यासाठी आवाज बंद केला होता. कुणी तसं सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. माझे डोळे भरले, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी झान्दोसवर खेकसलो.

"सरक. नाही, थांब! त्या पट्टीला हात लावू नको."

तो गाण्याची पट्टी वर ढकलायला निघाला होता. मी त्याचं मनगट धरलं. अँप्लिफायर शेवटपर्यंत उघडा असताना वरचं दार सोडलं असतं, तर नवरी घुंगटासकट उडाली असती आणि म्हाताऱ्यांच्या कानातून रक्त आलं असतं. कालव्यावर हे पहिल्या दिवशी शिकवतात. खालचं बघितल्याशिवाय वरचं उघडायचं नाही.

"आधी अँप्लिफायर खाली. पूर्ण. हं. आता कॉम्प्युटरची पट्टी वर, शेवटपर्यंत. गाण्याचीही. माइकचीही."

"सगळं पूर्ण? मग कमी कुठे करायचं?"

"तिथे कोपऱ्यात बारीक चित्र आहे बघ, काळ्या डबीचं."

"हे? हे ड्रायव्हर भरला तेव्हा आपोआप आलं. मी उघडलंच नाही."

त्याने उघडलं. तीच खिडकी, तीच पट्टी, काम्शातने दाखवलेली. ती पट्टी मी तळापासून थोडी वर नेऊन ठेवली. मग अँप्लिफायर निम्म्यावर. सेइलखानला म्हटलं, हळूच काहीतरी वाजव. त्याने तारेवर एक बोट मारलं.

तार वाजली. तिच्या शेवटापर्यंत वाजली, आणि त्यानंतरची शांतता शांतच राहिली. चरचर गेली होती.

"अरेच्या," झान्दोस म्हणाला. तो गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याजवळ वाकला. "म्हणजे मी इतके दिवस आकडेच कापत होतो? तरीच हॉलमधल्या लग्नांत खरखर यायची. आगा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"डबी कुणाची आहे?"

"काम्शात अपांची."

"मग?"

बोकेन माझ्या कानाशी आला. त्या माणसाने जन्मात एवढ्या हळू मला काही विचारलं नव्हतं. "किती ठेवायचा, झोलदास?"

काम्शातचं एक माप होतं. ती म्हणायची, शेवटच्या टेबलावरच्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे, आणि पहिल्या टेबलावरच्याला शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मी शेवटच्या टेबलाकडे बघितलं. आत्याबाई तिथेच होती. "आत्या, आवाज पोचला की हात वर कर," मी म्हटलं, आणि ड्रायव्हरची पट्टी वर नेत गेलो. सेइलखान गुणगुणत राहिला. आत्याने हात वर केला. मग दुसऱ्या हाताने स्वतःच उठून खोक्यावरची रजई ओढून काढली.

आता प्रश्न होता, नावं परत घेता येतात का. शारबान म्हणाली, एकदा वाकलेली सून परत कशी वाकेल, अपशकुन होईल. एक मामा म्हणाला, गाणं तोडायचं नसतं. तो तोच ठेंगणा मामा होता.

"घुंगट खाली आहे ना?" आत्या म्हणाली. "घुंगट वर जात नाही तोवर काहीच झालेलं नसतं. माझ्या लग्नात गायक प्यायलेला होता, त्याने मेलेल्या माणसांना सलाम घालायला लावले. परत पहिल्यापासून केलं."

"माझा घसा पुरेल," सेइलखान म्हणाला.

आणि मग घुंगटाच्या आतून, अगदी बारीक, पण सेइलखानसाठी वहिनीने धरलेला माइक चालू होता त्यामुळे सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज आला. "मी वाकते ना. माझी पाठ दुखत नाही."

नवरीने बोलायचं नसतं. सगळं अंगण हसलं. उल्दानाय तिचं नाव.

बोकेन फाटकाबाहेर गेला. दोघा भावांमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी मुद्दाम गेलो नाही. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कुसाइन आला, पुढे बघत, कुणाशी न बोलता, आणि आधीच्याच जागी उभा राहिला. त्याच्या मागून बोकेन, डोळे पुसत. टोपी त्याच्या डोक्यावर नव्हती.

सेइलखानने तार छेडली.

"सगळ्यांआधी मान ज्याचा, कुसाइन तो थोरला,
दूर राहून ज्याने धागा तोडला नाही, जोडला.
ऐकू आलं का नाव नीट? मान जरा हलव,
सून वाकली तुझ्यापुढे, दुव्याचा हात उचल."

प्रत्येक शब्द सुटा आला, कुणी पानावर लिहून समोर धरल्यासारखा. उल्दानाय वाकली, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, नीट.

"ऐकू आलं," कुसाइन म्हणाला. मग मोठ्याने, "ऐकू आलं, ओरडू नको! मी बहिरा नाही." लोक हसले. "लेकी, तुला माझी करडी घोडी. शिंगरासकट. वसंतात येऊन घेऊन जायची. स्वतः यायचं, नवऱ्याला घेऊन. आणि त्याच्या बापाला."

मी तिथून निघालो. कुणी थांबवलं नाही, ते बरं केलं. घरी येऊन चहा बदलला. भिंतीपलीकडून एकेक नाव येत होतं, अमुक मामा, तमुक काकू, आणि प्रत्येक नावामागे टाळ्या. कुणाच्याही नावाचा तुकडा पडत नव्हता. मी सगळी ऐकली. ओळखीची नव्हती तीसुद्धा.

सावल्या लांब झाल्या तेव्हा फाटक वाजलं. दोघे भाऊ उभे होते. बोकेनच्या हातात मांसाचं झाकलेलं ताट, कुसाइनच्या हातात काही नाही.

"तू आधी जा," बोकेन म्हणाला.

"घर तुझ्या शेजाऱ्याचं. तू जा."

"तू थोरला आहेस."

"ते तुला आज आठवलं?"

"दोघेही या," मी म्हटलं, "नाहीतर ताट तरी आत द्या, गार होतंय."

कुसाइन बसला. गुडघे दुमडून, नीट, चापान सावरून. म्हणाला, "झोलदास, मी ह्या आळीत येत नव्हतो, म्हणून तुझ्याकडे बसायला आलो नाही. काम्शातला मी ओळखत होतो. आमच्या बापाने म्हटलेली गाणी तिने फितीवरून उतरवून मला पाठवली होती. मी साधं पोचल्याचंही कळवलं नाही." मग म्हणाला, "आज तिच्यासाठी कुराण वाचू दे."

हे मला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. फिती ती कुणाकुणासाठी भरत होती, मी विचारलंच नव्हतं.

बोकेन उठला. "मी संगीत बंद करायला सांगून येतो."

"बस खाली," मी म्हटलं. "एकाही पट्टीला कुणी हात लावायचा नाही. कुसेके, तुम्ही वाचा. आपण जवळ बसलोय."

पलीकडे पोरं नाचत होती. गाणं येत होतं, स्वच्छ, आणि तरी खोलीत बोलता येत होतं. कुसाइन वाचायला लागला. त्याचा आवाज म्हाताऱ्याचा, जरा फाटका, पण त्यातलं एकही अक्षर मला चुकलं नाही. वाचून झाल्यावर त्याने तळवे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"पूर्ण नाव काय तिचं? दुव्यात नाव नीट घेतलं पाहिजे."

लोक इतके दिवस माझ्यासमोर तिचं नाव टाळत होते, मी वाईट वाटून घेईन म्हणून. मीही घेत नव्हतो. मी घसा साफ केला.

"काम्शात," मी म्हटलं. "झुमाशची मुलगी काम्शात."

त्याने ते नाव मोठ्याने घेतलं. बोकेनने घेतलं. आम्ही तिघांनी तळवे तोंडावरून फिरवले. मी मनात तिचे आभार मानले, आणि ह्या दोघांचे, आणि रजईवाल्या आत्याचेही. मग बोकेनने ताटावरचं फडकं काढलं, आणि आम्ही जेवायला बसलो.